बायाक्कांची दुसरी हाक

लोणंदच्या माझ्या दवाखान्यात आरसा नाही. दात बघायचा तो दांडीचा इवलासा आरसा आहे, तेवढाच. बाहेरच्या बेसिनवर नुसते खिळे आहेत, आणि नवा पेशंट हमखास विचारतो, "मॅडम, आरसा फुटला काय?" मी म्हणते, "काढून ठेवलाय." का काढला ते मात्र सांगत नाही. हिरड्यांचं शास्त्र पाच-सात वर्षं घोकलेल्या डॉक्टरणीनं मेंढरं राखलेल्या एका मावशींचं ऐकून आरसा उतरवला, याची मला लाज वाटते असं नाही. पण ते सांगायला बसलं की मग बायाक्का सांगाव्या लागतात, आणि बायाक्का दोन वाक्यांत मावत नाहीत.

शिक्षण संपल्यावर मी चार वर्षं मिरजेत हिरड्यांच्या एका दवाखान्यात नोकरीला होते. तिथले मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, हिरडीवर कलम करण्यात तरबेज होते. काहींची हिरडी खाली सरकते, दात लांबडे दिसायला लागतात, मुळं उघडी पडतात. मग टाळूची नखाएवढी कातडी काढायची आणि उघड्या जागी बारीक दोऱ्यानं शिवायची. काम तासाभराचं. पण ती शिवलेली कातडी तिथं धरते की नाही, हे ठरतं पुढच्या दहा दिवसांत. तासाभराचं काम सरांचं होतं. दहा दिवस बायाक्कांचे होते.

मागच्या बाजूला एक खोली होती. एक खाट, एक माठ, उंच खिडकी. ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथं घटकाभर बसवायचं. दाराशी स्टुलावर बायाक्का. उंच, वाळकी बाई, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि त्या सगळ्यावर सरांनी हट्टानं घालायला लावलेला पांढरा एप्रन. मूळच्या आटपाडीकडच्या. नवऱ्याच्या आजारपणात मिरजेला आल्या. नवरा तिथल्याच एका दवाखान्यात वारला आणि या तिथंच राहिल्या. त्यांच्या पापण्या लवत नसत असं मी म्हणणार नाही, डॉक्टरला असलं बोलणं शोभत नाही. पण लवताना मी पाहिल्या नाहीत.

मी पहिल्या दिवशी त्या खोलीत गेले आणि सवयीनं पर्समधला आरसा काढून केस सारखे करायला लागले. त्यांनी हात पुढं केला. मी मुकाट्यानं आरसा दिला. त्यांनी तो एप्रनच्या खिशात टाकला आणि संध्याकाळी घरी जाताना परत केला.

"कुटल्या तुमी?" त्यांनी विचारलं.

"लोणंदची."

त्या बोळ्यांसाठी कापूस तोडत होत्या, तो हात थांबला. "रुळाच्या कडंची बाभळ हाय का वो अजून?"

"कुठली बाभळ? तिकडं बाभळीच बाभळी आहेत, बायाक्का."

"असू द्या," म्हणाल्या आणि परत कापूस तोडायला लागल्या. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी लोणंदचं नाव काढलं नाही. मी सुट्टीला घरी जाऊन सोमवारी परतले की मात्र त्या माझ्याजवळ येऊन उगीच उभ्या राहायच्या आणि हळूच श्वास ओढून घ्यायच्या. मला आधी वाटलं, आपल्या अंगाला काही वास येतो. दोन साबण बदलले.

वास ही त्यांची खास बाब होती. माणूस दारातून आत यायच्या आधीच त्या सांगायच्या, "ह्येचं धरलंय." किंवा नुसतीच मान हलवायच्या. मी तोंडात दिवा धरून, चष्मा लावून बघायचे आणि तेच निघायचं. सडणाऱ्या कातडीला वास येतो, त्यात चमत्कार नाही, हे मी स्वतःला रोज बजावत असे. पण एकदा वाळव्याकडचे एक ऊसवाले बागायतदार पाचव्या दिवशी आले. सगळं झकास होतं. मी त्यांना शाबासकी दिली. बायाक्का दारातून म्हणाल्या, "न्हाई धरलं. परकंच ऱ्हायलंय." मी चिडले. पेशंटसमोर असं बोलायचं असतं का? तीन दिवसांनी त्या गृहस्थांची कातडी शेवाळासारखी सुटून निघाली. कारण नंतर कळलं: दिवसभर ते जिभेनं टाके चाचपत होते. मी बायाक्कांना विचारलं, तुम्हाला तीन दिवस आधी कशाचा वास आला? त्या म्हणाल्या, "वास आलाच न्हाई. धरलं की त्या मानसाचा वास लागतोय त्येला. ह्येला कुनाचाच न्हवता." त्या दिवशी माझ्या हातावर काटा आला होता, हे कबूल करते.

आमच्याकडं छापील सूचनांचा कागद होता. बायाक्कांना वाचता येत नव्हतं, पण कागदापेक्षा त्यांचं बरं लागू पडायचं. "गार पेज प्यायची. गार आंबील, दहीभात. भाकरी न्हाई, ठेचा न्हाई, चा बी गार करून. चूळ जोरात थुकायची न्हाई. औशीद तोंडात धरायचं, मुंडी वाकडी करायची, आपोआप पडू द्यायचं. तिथं ब्रश न्हाई. उशाला दोन उश्या. तीन दिस बोलायचं न्हाई. आन तीन दिस वट वडून बगायचं बी न्हाई. अजाबात न्हाई." शेवटचं वाक्य म्हणताना त्या पेशंटच्या अगदी तोंडाजवळ जायच्या. सांगलीच्या एका शाळामास्तरीण बाईंनी तरीही बघितलं. तिसऱ्या दिवशी आरशापुढं ओठ ताणला, आत पांढरंफटक दिसलं, आणि "मेलं, मेलं" करत रिक्षानं आल्या. ओढताना एक टाका तुटला होता तो निराळाच. बायाक्कांनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

"पांडरं पडलं म्हंजी मेलं न्हवं, बाई," त्या म्हणाल्या. "ते अजून तुमचं झालेलं न्हाई, एवडंच. तुमचं रगत आत जाईल, मग लाल हुईल. तवर त्येच्याकडं बगू नका. नव्या मानसाला सारकं निरकलं की ते बिथरतंय."

 बायाक्कांचं अगदी बरोबर होतं. पहिले दिवस कातडी पांढरीच पडते, मग खालून रक्तवाहिन्या शिरतात. हे मी कॉलेजात चित्रांसकट शिकले होते, पण तिथं कोणी ते नवं माणूस आहे असं म्हटलं नव्हतं.

मिश्रीवाल्यांशी त्यांचं खरं युद्ध. आमच्याकडच्या बायका एकवेळ नवरा सोडतील, मिश्री सोडणार नाहीत. कराडकडच्या एक पाटलीणबाई ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ऐटीत आल्या. मी विचारलं, मिश्री लावली नाही ना? "शप्पत न्हाई!" बायाक्का स्टुलावरून म्हणाल्या, "डाव्या हाताचं बोट दावा." बाईंनी उजवा हात पुढं केला. "डावा." डाव्या बोटाचं टोक काळं होतं. पाटलीणबाई म्हणाल्या, "अगं बया, ही काय मानूस हाय का काय हाय!" आणि तोंडाला पदर लावून हसल्या. पण त्यांच्या हसण्यात भ्यालेपण होतं, ते मला दिसलं. नंतरचे सहा दिवस त्यांनी मिश्रीला हात लावला नाही. घरात कोणी नसताना सुद्धा दारात कोणीतरी हुंगत उभं आहे असं वाटायचं, असं त्यांनीच मला सांगितलं.

बोलायला बंदी म्हणून पेशंटला एक दगडी पाटी आणि खडू दिलेला असे. काय हवं ते लिहायचं. बायाक्का पाटी घेऊन माझ्याकडं यायच्या, मी वाचायचे, त्या परत जायच्या. पाणी. पंखा. घरी फोन करा. खडू बोटानं पुसला जाऊ नये म्हणून त्या पाटी दोन्ही हातांत आडवी धरून आणायच्या.

हे सगळं त्या कुठं शिकल्या, हे मला एकदा दुपारच्या डब्याला कळलं. मी सहज म्हटलं, "बायाक्का, 'तीन दिवस बघायचं नाही' हे कागदात नाही. तुम्ही कुठून काढलंत?"

"मेंढरातनं," त्या म्हणाल्या.

मेंढी व्याली आणि तिचं कोकरू मेलं. दुसरीकडं एक कोकरू आहे, त्याची आई मेली. त्या कोकराला या मेंढीखाली लावलं तर ती लाथ घालते, कारण वास परका. मग मेलेल्या कोकराची कातडी सोलायची आणि जित्या कोकराला अंगड्यासारखी घालायची. मेंढी हुंगते. वास आपल्या पोराचा. पाजते. "तीन दिस कुनी जवळ जायाचं न्हाई. हात लावायचा न्हाई, वाकून बगायचं न्हाई. मानसाचा वास लागला की सगळं फुकाट. तवर तिचं दूद त्येच्या पोटात जातंय, त्येच्या अंगाला तिचाच वास येतोय. मग कातडं काडायचं."

 त्यांनी शांतपणे भाकरी मोडली.

त्यांना एक मुलगा होता, बिरू. फौजेत. अठ्ठाविशीचा. दर रविवारी भरदुपारी त्याचा फोन यायचा, आणि सर त्या दिवशीही पेशंट बघत असल्यानं मी तिथं असायचे. फोन उचलला की बायाक्का हाक मारायच्या, "बिरू." पलीकडून ओ यायची. मग थोडं थांबून पुन्हा, "बिरू." आणि गप्प. पलीकडून तो 'आगं बोल की' म्हणत असायचा, तरी या कान लावून काही ऐकत राहायच्या. चार-पाच श्वास जातील एवढा वेळ. मग म्हणायच्या, "जेवलास का?" लहानपणापासून अशीच हाक मारते, असं बिरूनं मला एकदा हसत सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या हाकेला ओ दिली की म्हनती, तुला न्हवं."

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बिरू लग्न जमवायला म्हणून लांब रजेवर आला. त्याची खालची हिरडी फार सरकली होती. फौजेत तंबाखूची सवय लागलेली. सरांनी बघितलं आणि म्हणाले, लगेच करू. बायाक्कांनी मला त्या मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. 

"डाक्टरताई, त्यो माजा न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांचा पोरगा सव्वा महिन्याचा होता. मेंढरं घेऊन सगळी लोणंदकडं उतरली होती, रुळाच्या कडेला तळ पडला होता. पोरगा तापानं गेला. बाभळीखाली पुरला. दुसऱ्याच दिवशी धाकटी जाऊ बाळंतपणात गेली आणि तिचं पोर राहिलं. "मला म्हनले, घे. मला त्येच्याकडं बगवंना. पदराखाली घेतलं की माजं दूदच आटायचं. लाथ घातल्यागत त्येला बाजूला सारायची मी. दोन दिस ते वरडत हुतं." मग सासूनं गाठोड्यातून त्यांच्या गेलेल्या पोराची कुंची काढली, न धुतलेली. ती त्या पोराला घातली आणि भर दुपारी, काही न बोलता, यांच्या मांडीवर ठेवलं. "मला म्हाईत हुतं वो. मी काय मेंढी हाय व्हय? डोळं मिटलं, वास घेतला. माजाच बिरू हुता. म्हटलं, असू दे." त्याच दिवशी तळ हलला. पोराला निराळं नाव ठेवलंच नाही; तोही बिरूच.

"मग कातडं कधी काढलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काडलंच न्हाई," बायाक्का म्हणाल्या.

आता सोयरिकीच्या बोलण्यात भावकीतला कोणीतरी ते बोलणार, हे त्यांनी ओळखलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगायचं. आणि सांगितल्यावर तो उठून गेला, तर गेला. "अठ्ठावीस वर्सांत धरलंय का न्हाई, मला कळंना. सगळ्यांचं कळतंय. त्येचा वासच मला येत न्हाई. जवळचा हाय म्हनून का परका हाय म्हनून, द्येवाला ठावं."

ऑपरेशन सरळ झालं. मी सरांच्या हाताखाली होते. बिरू ओठाला रुमाल लावून खाटेवर बसला, हातात पाटी. दुपारी दवाखाना बंद झाला. मी पुढच्या खोलीत कागद लावत होते आणि आतून बायाक्कांचा आवाज येत होता, सूचना सांगताना असायचा तसाच, एका पट्टीत. गार पेज प्यायची. उशाला दोन उश्या. तीन दिस बोलायचं न्हाई. आणि त्याच आवाजात, न थांबता, पुढचं सगळं. तो मध्ये एक शब्द बोलू शकत नव्हता. त्यांनी मुद्दाम ती वेळ धरली होती, का तेवढंच धैर्य होतं, मला माहीत नाही.  मग पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला.

बायाक्का बाहेर आल्या. पाटी दोन्ही हातांत आडवी होती, पण वर पदर ओढलेला होता. मी सवयीनं हात पुढं केला.

"आत्ता न्हाई," त्या म्हणाल्या. "तीन दिस बगायचं न्हाई."

मी संतापले. हा काय वेडेपणा! त्यानं काहीतरी विचारलंय, तो उत्तराची वाट बघत असेल. त्यांनी ऐकलं नाही. ज्या हातानं हजार माणसांचे ओठ मिटवले, तो हात आता स्वतःच्या बाबतीत सैल सोडायचा कसा, असं त्यांना वाटत असावं. पाटी त्यांनी औषधांच्या कपाटावर उपडी न ठेवता उताणी ठेवली आणि वर पातेलं झाकावं तसा ट्रे पालथा घातला. तीन दिवस झाले. मग त्या म्हणाल्या, टाके निघेपर्यंत नको. मला कळलं की आता हा नियम उरलेला नाही, ही भीती आहे.

ते दहा दिवस फार वाईट होते. बिरू रोज यायचा, तोंड उघडायचा, जायचा. चौथ्या दिवसापासून बोलायला लागला, पण फक्त पेज आणि दह्याबद्दल. मायलेक एका खोलीत राहत होते आणि मधे ती पाटी होती. मी येता-जाता त्या ट्रेकडं बघायचे. एकदा संध्याकाळी दवाखान्याची चावी माझ्याकडं असताना ट्रे उचलायचा मोह झाला. बोट लावलं आणि मागं घेतलं; दारात कोणी हुंगत उभं असल्यासारखं वाटलं. दार बंद होतं.

दहाव्या दिवशी सरांनी टाके काढले. कातडी गुलाबी, कडा मिळून गेलेल्या. "फर्स्ट क्लास," सर म्हणाले. बायाक्कांनी एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं, कपाटावरून पाटी काढली आणि माझ्या हातात दिली. मी वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, कारण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"त्याला कुठं पुरलंय? आपण जाऊ."

बायाक्कांनी पाटी परत घेतली आणि दोन्ही हातांत आडवी धरली. बिरू खुर्चीतून म्हणाला, "आई, धा दिस वाट बघतोय मी. मला वाटलं तुला न्यायाचं न्हाई." त्याचा ओठ जेमतेम हलत होता. मला त्या बाईचा आणि स्वतःचाही इतका राग आला की मी बेसिनवर जाऊन विनाकारण हात धूत राहिले. रडू आवरत नव्हतं, हेही खरं.

रविवारी सुट्टी काढून सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं लोणंदला गेलो. त्यानंतर महिन्याभरात बायाक्का नोकरी सोडून बिरूबरोबर त्याच्या पलटणीच्या गावी राहायला गेल्या आणि मी तेव्हा सुट्टीवर घरी होते. म्हणजे मिरजेला परतल्यावर बघितलं ते फक्त रिकामं स्टूल. त्यांचं खरं शेवटचं दर्शन मी लोणंदचंच धरते.

रुळाच्या कडेनं बाभळी होत्या, ओळीनं, सगळ्या सारख्या. भर दुपार, वारा पडलेला. मला वाटलं होतं त्या गोंधळतील. त्या सरळ चालत गेल्या आणि एका जागी थांबल्या, जिथं बाभळ नव्हतीच, नुसता जुना बुंधा होता. मी पंधरा पावलं मागं उभी राहिले. त्यांनी पिशवीतून एक कुंची काढली. पिवळी पडलेली, घडी तळहाताएवढी. बुंध्याच्या मुळाशी ठेवली, वर दगड ठेवला. "ज्याची त्येला," म्हणाल्या.

मग उठल्या आणि हाक मारली, "बिरू."

"ओ," बिरू म्हणाला.

त्या थांबल्या. नेहमीइतक्याच. "बिरू."

मी डॉक्टर आहे, त्यामुळं जे दिसलं तेच सांगते. ओठ न हलवता बोलायची सवय आम्हीच त्याला दहा दिवस लावली होती. तो बुंध्याकडं बघत होता, त्याचा ओठ हलला नाही, आणि अगदी बारीक, लहान आवाजात ओ आली.

बायाक्का यावेळी कान लावून थांबल्या नाहीत. लगेच वळल्या, बिरूच्या खांद्याला नाक लावून एक लांब श्वास घेतला, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "धरलंय वो, डाक्टरताई. चला."